पाते किती रुंद?

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर, कत्तलखान्याच्या आवारात, एक उपाशी आणि खंगलेला माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. स्वतःचे नाव त्याने कधी कुणाला सांगितले नाही. त्याच्या भाषेत माणसाला ‘इशी’ म्हणतात, तेच त्याचे नाव झाले. उरलेले आयुष्य, जेमतेम साडेचार वर्षे, तो सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात राहिला. जवळच्याच वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्याकडे डॉक्टर म्हणून येऊ लागले आणि हळूहळू त्याचे शिष्य झाले.

इशी बाटलीच्या काचेचा तुकडा तळहातावरच्या चामड्यावर धरायचा, हत्याराच्या टोकाने कडेवर दाब द्यायचा आणि टवका टवका उडवत बाणाचे टोक घडवायचा. पोप यांना या कारागिरीचे कौतुक होतेच, पण त्यांच्यातल्या सर्जनला वेगळाच प्रश्न पडला: हे चांगले की पोलाद? त्यांनी मांस भरलेल्या आणि कातडे ताणलेल्या पेटीवर दोन्ही तऱ्हांचे बाण मारून पाहिले. ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेचे टोक पोलादी टोकापेक्षा खोल गेले. काच पोलादाहून ठिसूळ खरी, पण तिची धार पोलादाहून बारीक असते. बाणाचे काम चिरण्याचे आहे, ही गोष्ट रोज हातात सुरी धरणाऱ्या माणसाला चटकन उमगली असणार.

इशी १९१६ साली क्षयाने गेला. १९२० साली पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेससाठी यलोस्टोनमध्ये बाणांनी ग्रिझली अस्वले मारली, तीही घरी घडवलेल्या पोलादी पात्यांनी. १९२३ मध्ये पोप यांचे ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक आले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा मोसम ठेवला. त्यानंतर अमेरिकेत हा छंद फोफावला आणि दुकानांच्या भिंती ‘ब्रॉडहेड’ या रुंद पात्यांच्या टोकांनी भरून गेल्या. दोन पात्यांची, तीन पात्यांची, चार पात्यांची, पाती बदलता येणारी, एकाच पोलादी तुकड्यातून कोरलेली. भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या नवशिक्याने नेमके काय पाहायचे, त्याचे हे प्रकरण.

ठोसा आणि चिरा

बाणवाल्यांचे माप ग्रेन. १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन, आणि आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. बाजारात सर्वांत खपणारे टोक १०० ग्रेनचे, म्हणजे साडेसहा ग्रॅमचे असते. अर्ध्या तोळ्याहून थोडे जास्त.

४५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २९ ग्रॅमचा अख्खा बाण आजच्या कप्प्यांच्या ‘कंपाउंड’ धनुष्यातून सेकंदाला २७० फूट वेगाने सुटला, तर त्याच्यात साधारण ९९ जूल ऊर्जा असते. ‘थर्टी-ओ-सिक्स’ या शिकारी रायफलची गोळी नळीबाहेर पडते ती ३,८०० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन. फरक अडतीस पटींचा. गोळी शरीरात शिरते तेव्हा आजूबाजूचे मांसही धक्क्याने फाटते. बाणाच्या बाबतीत असे काही होत नाही. पाते जिथून जाईल तेवढेच कापले जाते, बोटभर बाजूला असलेली रक्तवाहिनी शाबूत राहते. जनावर मरते ते रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून पाते आरपार गेले तर हरीण दहा-पंधरा सेकंदांत कोसळते. पोटात लागले तर तेच हरीण कित्येक तास तडफडते आणि बऱ्याचदा सापडतही नाही.

ब्रॉडहेडची निवड म्हणजे या तुटपुंज्या ९९ जुलांचा खर्च कसा करायचा, याचा हिशेब. तो कापण्यावर करायचा की आत शिरण्यावर? दोन्हींवर हात सैल सोडता येत नाही.

उघडणारी आणि न उघडणारी पाती

ब्रॉडहेडची दोन मोठी घराणी आहेत. ‘मेकॅनिकल’ टोकाची पाती उडताना मिटलेली असतात आणि अंगावर आदळताच छत्रीसारखी उघडतात. दीड-दोन इंचांची रुंद जखम आणि सरावाच्या साध्या टोकासारखे सरळ उड्डाण, हे त्यांचे आकर्षण. पण पाती उघडायला ऊर्जा लागते, ती त्याच ९९ जुलांतून जाते. शिवाय बिजागरी आली की बिघाडाची शक्यता आली. तिरक्या माऱ्यात एक पाते आधी टेकले तर बाणाची वाटही बदलू शकते.

‘फिक्स्ड ब्लेड’, म्हणजे पक्क्या पात्यांच्या टोकात हलणारे काहीच नसते. दुकानातून आणले तसेच ते उडते आणि तसेच आत शिरते. त्याची रुंदी सहसा एक ते सव्वा इंच. एल्क किंवा मूससारख्या अवजड जनावरांच्या मागे जाणारे आणि हलके धनुष्य ओढणारे बरेच जण याच घराण्याकडे वळतात, त्याचे कारण हा साधेपणा.

काज आणि भोक

पक्क्या पात्यांत पहिला प्रश्न पाती किती, हा. एकाच, म्हणजे २८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसणारी तीन टोके घेऊ. दोन पात्यांचे टोक २८ मिलिमीटरची एक चीर पाडते. तीन पात्यांच्या टोकात मध्यापासून कडेपर्यंत १४ मिलिमीटरची तीन पाती, म्हणजे एकूण ४२ मिलिमीटर काप. चार पात्यांत ५६. कागदावर चार पात्यांची सरशी दिसते, पण प्रत्येक जादा पाते म्हणजे कातडे, स्नायू आणि हाड यांच्याशी होणारे जादा घर्षण. तोच बाण तेवढा कमी खोल जातो.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. दोन पात्यांची चीर शर्टाच्या काजासारखी असते. जनावर धावू लागले की कातडे सरकते आणि काज मिटते, रक्त आतल्या आत साचते. तीन पात्यांच्या जखमेला तीन कोपरे असतात, ती सहज मिटत नाही, त्यामुळे जमिनीवर रक्ताचा माग ठळक पडतो. गुलाबी, फेसाळ रक्त दिसले तर फुप्फुस कापले गेले. काळपट दिसले तर यकृत. हिरवट घाण दिसली तर पोट, आणि मग शिकाऱ्याने मागे न धावता तासन्‌तास थांबायचे असते. जखमी जनावर पाठलाग झाला नाही तर जवळच बसून राहते, हुसकावले तर मैलभर जाते.

मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी १९५६ साली ‘रेझरहेड’ बाजारात आणले ते या दोन्हींचा सुवर्णमध्य काढत. मूळ टोक दोनच पात्यांचे, पण मध्ये खाच, आणि त्या खाचेत आडवे सरकवायचे एक पातळ, छोटे, बदलता येणारे पाते. मोठी पाती वाट काढतात, छोटे पाते चिरेला कोपरे देते. या छोट्या पात्याला ‘ब्लीडर’ म्हणतात. आज मिळणारी चार पात्यांची बरीच टोके याच कल्पनेची वंशज आहेत.

आरी आणि विळी

दुसरा प्रश्न अगदी पुढच्या अणकुचीचा. काही टोकांत पात्याची धारच थेट पुढे येऊन मिळते. कातड्याला स्पर्श झाला की त्याच क्षणी कापायला सुरुवात. काही टोकांच्या पुढे तीन पैलूंची कठीण पोलादी अणकुची बसवलेली असते, ती आधी भोक पाडते आणि मागून येणारी पाती ते भोक चिरत रुंदावतात. पहिली तऱ्हा विळीची, दुसरी चांभाराच्या आरीची.

हा भेद आपल्या जुन्या धनुर्विद्येलाही ठाऊक होता. चौदाव्या शतकातल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’त बाणाच्या फळांचे प्रकार नावानिशी दिले आहेत: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. आरामुख म्हणजे आरीच्या तोंडाचा, क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारखा, सूचीमुख म्हणजे सुईच्या टोकाचा. भोसकायचे फळ वेगळे आणि चिरायचे वेगळे, हे नावांतूनच कळते. पोप यांनीही साखळीच्या जुन्या चिलखतावर बाण मारून पाहिला होता. ते चिलखत भेदले ते सुईसारख्या अरुंद टोकाने.

आरीची अणकुची मजबूत असते, हाडावर आपटून सहसा वाकत नाही. पण भोक पाडायला जोर लागतो. साठ-सत्तर पौंड ओढीच्या कंपाउंडला तो परवडतो. चाळीस-पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य वापरणाऱ्याला परवडत नाही. पिकलेला टोमॅटो बोथट विळीवर चेंगरतो आणि धारदार विळीवर नुसत्या स्पर्शाने चिरतो, ते आठवावे. हलक्या धनुष्याला विळीच हवी.

हाड लागले तर

१९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात बाणाने मोठी जनावरे मारण्याला परवानगी द्यावी की नाही, हा प्रश्न आला. त्यासाठी डॉ. एड अ‍ॅशबी यांनी तिथे प्रत्यक्ष जनावरांवर कोणते बाण किती खोल जातात याच्या नोंदी ठेवल्या. पुढे ऑस्ट्रेलियात पाणम्हशींवर त्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. धनुर्धाऱ्यांच्या जगात त्यांच्या निष्कर्षांवर आजही वाद झडतात, पण त्यांनी विचारलेला प्रश्न कुणी टाळू शकत नाही: सगळे सुरळीत झाले तर कुठलेही टोक चालते, हाड लागले तर काय?

अ‍ॅशबी यांच्या मते खोल जाण्याची पहिली अट म्हणजे बाण आणि टोक न मोडणे. टोक वाकले की पुढचा सारा हिशेब बुडाला. त्यानंतर टोकाचा आकार. रुंदीच्या तिप्पट लांबीचे निमुळते टोक, म्हणजे एक इंच रुंद आणि तीन इंच लांब, पाचरीसारखे सरकते. आखूड आणि रुंद टोक अडते. मोठे हाड फोडायचे असेल तर अख्ख्या बाणाचे वजन ६५० ग्रेनच्या पुढे असावे, असा त्यांचा आग्रह. हलका, वेगवान बाण ऊर्जेच्या आकड्यात शोभतो, पण अडथळ्यावर लवकर थबकतो. जड बाण सावकाश येतो आणि रेटत जातो.

त्यांनी ‘सिंगल बेव्हल’ पात्याचीही तरफदारी केली. साधे पाते दोन्ही बाजूंनी घासून धार काढलेले असते. हे पाते सुताराच्या पटाशीसारखे एकाच बाजूने घासलेले असते. आत शिरताना ते एका अंगाला वळत जाते आणि हाडात शिरल्यावर पिळवटून ते फोडते. मात्र पात्याचे वळण आणि बाणाच्या पिसांचे वळण एकाच दिशेला हवे. उजव्या घासाचे पाते आणि डाव्या वळणाची पिसे अशी जोडी जुळवली, तर दोघे एकमेकांविरुद्ध काम करतात.

मागचा पिसारा, पुढची पिसे

दुकानात पात्यांची धार दिसते, पण उड्डाण दिसत नाही. बाणाच्या शेपटीला पिसारा असतो, तो मागून लगाम धरतो. पुढे रुंद पाती बसवली की तीही हवा पकडतात, म्हणजे पुढेही एक पिसारा आला. बाण किंचित वाकडा सुटला, की साधे टोक ते सावरून घेते आणि ब्रॉडहेड ती चूक वाढवते. पाती रुंद, वारा आडवा आणि बाण वेगवान असेल तर आणखीच. म्हणून ज्याचा बाण फार वेगवान, त्याने आखूड आणि आटोपशीर टोक घ्यावे.

पारख सोपी आहे. २० यार्डांवरून आधी साध्या टोकांचे तीन बाण मारावेत, मग तितक्याच वजनाच्या ब्रॉडहेडचे तीन. दोन्ही झुबके एका जागी आले तर धनुष्य जुळलेले आहे. ब्रॉडहेड सतत डावीकडे जात असतील, तर दोष बहुधा टोकाचा नसतो, बाण धनुष्यातून तिरका सुटत असतो. बाणाचा टेकू साध्या टोकांच्या झुबक्याच्या दिशेने केसभर सरकवून पुन्हा मारावे. हीच कसोटी नंतर ४० यार्डांवर. शिवाय प्रत्येक टोक बाणावर आवळल्यावर बाण टेबलावर टोकाच्या आधाराने भोवऱ्यासारखा फिरवून पाहावा. टोक थरथरताना दिसले, तर ते बाणाच्या आसाशी सरळ बसलेले नाही.

भाता भरताना

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी जनावर, मग धनुष्य, मग बाण आणि शेवटी पाते. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण पाते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चकचकीत.

व्हाइटटेल हरीण. नराचे वजन शंभर किलोच्या आत-बाहेर, हृदय आणि फुप्फुसांचा नेमाचा भाग जेवणाच्या ताटलीएवढा, सुमारे २० सेंटिमीटर. साठ-सत्तर पौंडांच्या कंपाउंडला तीन पात्यांचे, पाती बदलता येणारे १०० ग्रेनचे टोक पुरेसे. उड्डाण सरळ आणि माग ठळक.

एल्क. नर तीनशे किलोच्या पुढे. बरगड्या जाड आणि खांद्याचा फरा त्याहून जाड. इथे बाण ४५० ते ५५० ग्रेनचा, टोक १२५ ग्रेन किंवा अधिक, एका तुकड्यातून घडवलेले. दोन पात्यांचे, फार तर छोटे ब्लीडर असलेले. पातळ बदलती पाती फऱ्यावर मोडण्याचा धोका इथे घेऊ नये.

मूस. अलास्कातला नर पाचशे-सहाशे किलोंचा. हिशेब एल्कचाच, पण बाण आणखी जड. अलास्कात शिकारीच्या बाणाचे एकूण वजन किमान ३०० ग्रेन हवे असा नियम आहे, पण अनुभवी माणूस त्या किमान आकड्याजवळही थांबत नाही.

काळे अस्वल. हाडे एल्कएवढी जाड नाहीत, पण अंगावर चरबी आणि दाट केस. चरबी जखम बुजवते आणि केस रक्त टिपून घेतात. इथे आरपार जाणे सर्वांत महत्त्वाचे. झाडावरच्या मचाणावरून मारलेला बाण खालच्या बाजूने बाहेर पडला, तरच रक्त जमिनीवर ठिबकते.

लाँगबो किंवा रिकर्व्ह ही बिनकप्प्यांची धनुष्ये ओढणाऱ्याचा बाण सेकंदाला १७० फुटांच्या आसपास जातो. ५०० ग्रेनच्या बाणात मग ४३-४४ जूलच उरतात, कंपाउंडच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्यासाठी दोन लांब, निमुळती पाती, हलक्या हरणालाही.

काटे नकोत

कायदाही पात्याकडे बघतो. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठीचे टोक किमान ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि दोन पोलादी धारांचे हवे. अनेक राज्यांत मागे वळलेल्या काट्यांच्या टोकाला बंदी आहे. असे टोक बाहेर निघत नाही, वाचू शकणारे जनावरही ते बाळगत कुजते. आपल्याकडच्या यादीतला ‘कर्णिक’ म्हणजे हाच काटेरी बाण, आणि मनुस्मृतीने युद्धातही तो वर्ज्य ठरवला आहे. इंग्लंडने १९६३ च्या कायद्याने हरणांवर बाण चालवणेच थांबवले. जर्मनीतही बंदी आहे. डेन्मार्क, फ्रान्स, हंगेरीत परवानगी आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत तिरकमठा अजून दिसतो, पण इथल्या वाचकाला ब्रॉडहेडचा उपयोग नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र या विषयाची गाठ घराच्या मागच्या अंगणात पडते. तिथे हरणे गुलाबाचे वाफे फस्त करतात, मोटारींवर आदळतात, आणि काही गावे त्यांची संख्या आवरण्यासाठी धनुर्धाऱ्यांनाच बोलावतात. वस्तीत गोळी चालवता येत नाही, बाण चालवता येतो. शेजाऱ्याच्या बाणाचे टोक कसे आहे, यावर ते हरीण त्याच्या आवारात पडते की जखमी होऊन आपल्या अंगणात येते, हे पुष्कळदा ठरते.

शेवटी धार

इतके सगळे जमून आले आणि धार नसली तर फुकट. बोथट पाते रक्तवाहिनी कापत नाही, बाजूला ढकलते. फाटलेल्या, चेंगरलेल्या कडेवर रक्त लवकर गोठते, वस्तऱ्याने कापल्यासारख्या कडेतून ते वाहत राहते. खोक्यातून काढलेले नवे टोक धारदार असतेच असे नाही. सरावाला वापरलेले तर नसतेच, फोमच्या लक्ष्यात दोन-तीनदा शिरले की धार गेली. म्हणून सरावाचे टोक वेगळे ठेवावे आणि शिकारीचे वेगळे. बदलती पाती सरळ बदलावीत. पक्क्या टोकाला कानशीने घास द्यावा, निसण्यावर पाजवावे, आणि चामड्याच्या पट्ट्यावर ओढून शेवटचा बारीक काठ काढावा. साध्या कार्बन पोलादाला एका दमट रात्रीत गंज धरतो, म्हणून धारेवर व्हॅसलिनचे बोट फिरवावे.

धार झाली की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पाते हाताच्या कातडीला जवळजवळ आडवे टेकवून हलकेच सरकवायचे. केस कापले गेले तर ते भात्यात, नाही तर पुन्हा निसण्यावर. मोसम सप्टेंबरात सुरू होतो. त्या दिवसांत अमेरिकेत एखाद्याच्या डाव्या हातावर मनगट ते कोपर भादरल्यासारखे ठिपके दिसले, तर त्याला विचारायला हरकत नाही की यंदा हरीण की एल्क. त्याने पाते किती रुंद घेतले आहे हे ठाऊक नसले, तरी ते त्याने पाजवले आहे एवढे नक्की कळते.